सुखासनाची सायकल

सायकलींचे शहर म्हटले की मराठी श्रोत्याच्या मनासमोर पुणे उभे राहते. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थिनी, दूधवाले अशा सर्वांना एका पंक्तीला बसविणारे हे वाहन एके काळी त्या शहराच्या अंगवळणी पडले होते. पुण्याच्या रस्त्यांवर आज स्वयंचलित दुचाकींचे राज्य आहे आणि तो जुना लौकिक बोलण्यापुरता उरला आहे. परंतु सायकल काही देशातून नाहीशी झालेली नाही. तिने फक्त आपला मुक्काम हलविला आहे. ती कोठे गेली हे पाहायचे असेल तर रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बीरगांवासारख्या ठिकाणी जावे.

बीरगांवच्या नावात 'गांव' असले तरी त्याचा कारभार आज स्वतंत्र महानगरपालिका पाहते. शेजारी उरला आणि त्याच रस्त्याने पुढे सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. लोखंडाच्या भट्ट्या, सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल आणि लहानमोठे कारखाने यांनी हा परिसर व्यापलेला आहे. पाळी बदलण्याची वेळ झाली की या रस्त्यांच्या कडेने सायकली निघतात. कोणाच्या हँडलला जेवणाचा डबा लटकलेला असतो, कोणाच्या कॅरिअरला पिशवी बांधलेली असते. शेजारून सळयांनी लादलेले ट्रक धुरळा उडवीत जात असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल आढळली. छत्तीसगडात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे येथे सायकल ही हौस नव्हे, ती संसारातील एक आवश्यक वस्तू आहे.

अशा वस्तूचा विचार करताना आपण तिची किंमत पाहतो, मजबुती पाहतो. ती सुखाची आहे की नाही हा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाही. श्रम करणाऱ्या माणसाच्या संदर्भात 'आराम' हा शब्द उच्चारला की ऐकणाराच्या कपाळाला आठी पडते. आराम ही सवडीने भोगण्याची गोष्ट आणि उपयोग ही रोजची गोष्ट, असा एक समज रूढ आहे. सायकलीच्या बाबतीत हा समज खरा नाही. जी सायकल शरीराला सुख देते तीच रोज वापरली जाते, आणि जी रोज वापरली जाते तीच उपयोगाची. हे विधान पटवून घ्यावयाचे असेल तर 'क्रूझर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सायकलीची रचना लक्षात घेतली पाहिजे.

क्रूझर म्हणजे संथपणे विहार करणारी सायकल. तिची लक्षणे सोपी आहेत. हँडल रुंद, उंच आणि स्वाराच्या दिशेने मागे वळलेले असते, त्यामुळे बसणारा माणूस ताठ बसतो. बैठक रुंद असून तिच्याखाली बहुधा स्प्रिंगा असतात. टायर जाड असतात. दोन चाकांतील अंतर जास्त असते. गिअरांचा पसारा बहुधा नसतो. अनेक क्रूझरांना हाताचा ब्रेकही नसतो. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक लागतो. काही नव्या क्रूझरांत पायडले किंचित पुढे बसविलेली असतात, म्हणजे बैठकीवरून न उतरता दोन्ही पाय जमिनीला टेकतात. वृद्धांना आणि नवशिक्यांना याचा मोठा आधार वाटतो.

या सायकलीचा जन्म चैनीतून झालेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी ही आजच्या सायकलीची घडण इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांच्या 'रोव्हर' सायकलीने १८८५ साली रूढ केली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर पुढे आणला आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुसह्य झाले. पुढे अमेरिकेत मोटारींचा प्रसार झाला. सायकल मुलांच्या खेळण्याच्या पातळीवर उतरली आणि १९२९ नंतरच्या महामंदीत तिचा धंदा पार बसला. तिचे तेथील टायर त्या वेळी अरुंद असत आणि लवकर निकामी होत. शिकागो येथील श्विन कंपनीचे फ्रँक श्विन यांनी युरोपातील खडबडीत रस्त्यांवर चालणारे जाड टायर पाहिले होते. १९३३ साली त्यांनी सव्वादोन इंचांहून किंचित कमी रुंदीचा, कमी दाबाच्या हवेवर चालणारा 'बलून' टायर आपल्या सायकलीला बसविला. सायकल जड झाली, पण टिकाऊ झाली आणि मऊ चालू लागली. घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांनी ती उचलून धरली. क्रूझर हे नाव मात्र तिला बऱ्याच उशिरा, १९७०च्या दशकात, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर चिकटले.

आपल्याकडची काळी सायकल ही या क्रूझरची चुलत बहीण म्हणावी लागेल. ती इंग्लंडातील 'रोडस्टर' या घराण्यातली. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए. या विलायती सायकली येथे येत. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल, मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अॅटलस असे कारखाने उभे राहिले. १९५६ साली लुधियानात हीरोने सायकल बनविण्यास आरंभ केला. त्या सर्वांनी तीच घडण उचलली. ताठ बसण्याची सोय अमेरिकन आणि इंग्रजी या दोन्ही घराण्यांत आहे. फरक आहे तो धक्के पचविण्याच्या रीतीत. अमेरिकन क्रूझर जाड टायरावर विसंबते. काळ्या सायकलीचा टायर दीड इंचाचा, पण चाक अठ्ठावीस इंची. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते. तिचा सांगाडा मागे कललेला, पुढचा चिमटा पुढे झुकलेला आणि बैठक स्प्रिंगांवर ठेवलेली. वाट निराळी, पण मुक्काम एकच.

आता या सुखामागचे शास्त्र पाहू. सायकल चालविताना शक्ती मुख्यतः तीन कामांसाठी खर्च होते: टायर आणि रस्ता यांच्यातील रोधावर मात करणे, चढ चढणे आणि हवा कापणे. यांतील हवेचा हिशेब मोठा विलक्षण आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि तो रोध त्या वाढत्या वेगाने तोडावयाचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. शर्यतीतील स्वार ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जातो. त्याची बहुतेक सारी शक्ती हवा खाऊन टाकते, म्हणून तो वाकून जवळजवळ आडवा होतो. परंतु कामावर जाणारा माणूस ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने जातो. त्या वेगाला ताठ बसल्यामुळे वाया जाणारी शक्ती अगदी थोडी असते. एका लहानशा दिव्याला लागते तेवढीच. एवढ्या किरकोळ बचतीसाठी पाठ, मान आणि मनगटे यांना रोज शिक्षा देण्यात काही शहाणपण नाही.

वजनाचेही तसेच. काळी सायकल २० किलोग्रॅमच्या आसपास भरते. क्रूझरही हलकी नसते. पण वजन जाणवते ते चढावर आणि सायकल थांबवून पुन्हा वेग घेताना. एकदा गती मिळाली की सपाट रस्त्यावर पाच किलोग्रॅम कमी की अधिक याने फारसे बिघडत नाही. रायपूरचा प्रदेश हा महानदीच्या खोऱ्यातील भातशेतीचा, सपाट मैदानाचा प्रदेश आहे. येथे जड सायकल चालविणे साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या घाटातल्यासारखे कष्टाचे नाही. चालत जाणारा माणूस ज्या श्रमात एक किलोमीटर जातो त्याच श्रमात सायकलस्वार सुमारे तीन किलोमीटर जातो. बसभाडे वाचवून चार कोस पायी जाणाऱ्या माणसाला या हिशेबाची किंमत सांगावी लागत नाही.

जाड टायर म्हणजे जड चाल, असाही एक गैरसमज आहे. टायरात हवेचा दाब सारखाच असेल तर रुंद टायराचा जमिनीला टेकणारा भाग आखूड आणि रुंद असतो, अरुंद टायराचा लांब आणि निमुळता असतो. आखूड भागात टायर कमी दबतो म्हणून त्याचा रोध थोडा कमीच भरतो. व्यवहारात रुंद टायरात हवा कमी ठेवतात, त्यामुळे गुळगुळीत रस्त्यावर हा लाभ निघून जातो. परंतु खडीच्या, उखडलेल्या रस्त्यावर मऊ टायर प्रत्येक खडा आपल्या पोटात घेतो. कडक टायर त्याच खड्यावर सायकलीला आणि स्वाराला उचलून आपटतो, आणि त्या उचलण्यात शक्ती जाते ती जातेच. ट्रकांच्या चाकांखाली फुटलेले रस्ते ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्यासाठी मऊ टायर ही शक्तीचीही बचत आहे.

शरीराच्या बाजूने पाहिले तर या सायकलीचे सर्व भाग एकमेकांना धरून आहेत. माणूस वाकून बसला की त्याचा भार हात, पाय आणि बैठक यांत वाटला जातो. तेथे अरुंद बैठक चालते, नव्हे, तीच लागते. माणूस ताठ बसला की जवळजवळ सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. म्हणून तेथे बैठक रुंद हवी. ताठ पाठीच्या कण्यातून धक्का थेट वर चढतो, म्हणून बैठकीखाली स्प्रिंगा आणि चाकाला मऊ टायर हवा. या तीन गोष्टींतील एक घेतली आणि दोन सोडल्या तर सुखाऐवजी पाठदुखी पदरी पडते. ताठ बसण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो जिवाशी निगडित आहे. मान वर असते, नजर दूर जाते, मागे वळून पाहणे सोपे जाते, आणि ट्रकचालकालाही उंच बसलेला माणूस लवकर दिसतो.

उपयोगाच्या दृष्टीने पाहता काळ्या सायकलीने क्रूझरवरही मात केली आहे. चिखल अडविणारी मडगार्डे, धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा विजारीचा पायचा साखळीत जाऊ न देणारे चेन-कव्हर, तांदळाचे पोते पेलणारे कॅरिअर आणि भार लादताना सायकल उभी धरणारे दुहेरी स्टँड या गोष्टी तिच्या अंगच्याच आहेत. तिचे सुटे भाग आडगावीही मिळतात, आणि पंक्चर काढणारा झाडाखाली बसलेला असतो. दोष पाहायचा तर तिच्या ब्रेकचा. सळईने ओढला जाणारा ब्रेक पोलादी धावेवर घासतो, आणि पावसात ओली धाव त्याला दाद देत नाही. क्रूझरचा तुंब्यातील ब्रेक पाण्याचिखलापासून सुरक्षित राहतो, पण तो एकाच चाकाला लागतो आणि साखळी उतरली की तोही जातो. म्हणून पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक असणे दोन्ही घराण्यांना हितावह आहे.

स्त्रियांच्या सायकलीचा विचार येथे वेगळा करावयास हवा. तिला वरची आडवी दांडी नसते. पाय उंच न उचलता चढता-उतरता येते. छत्तीसगडात सरस्वती सायकल योजनेखाली नववीत जाणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि गरीब कुटुंबांतील मुलींना अशा सायकली मिळत आल्या आहेत. बिहारने अशीच योजना २००६ साली सुरू केली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढल्याचे दिसून आले. त्या मुलींना शर्यत जिंकावयाची नव्हती. अंगावरचे कपडे न सावरता, दप्तरासह, शाळेत वेळेवर पोचावयाचे होते. ताठ बसण्याच्या सायकलीने तेवढे केले, आणि ते पुष्कळ झाले.

क्रूझरच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. समोरून जोराचा वारा आला की ताठ बसलेला माणूस शिडासारखा होतो. चढावर एका गिअरची सायकल उतरून ढकलावी लागते. एका दमात ४०-५० किलोमीटर जाणाऱ्याने दुसरे वाहन निवडावे. इतक्या वेळाने रुंद बैठकही मांड्यांना घासू लागते. जेथे चढ असेल तेथे मागच्या तुंब्यातील तीन गिअर पुरेसे होतात. वय झालेल्यांना विजेवर चालणाऱ्या साह्याचा पर्याय आहे. आपल्या देशाच्या नियमांनुसार २५० वॅटपर्यंतची मोटर असलेल्या, ताशी २५ किलोमीटरहून वेगाने न जाणाऱ्या आणि हलक्या अशा विजेच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही.

पुष्कळदा दोष सायकलीचा नसून तिच्या मापाचा असतो. पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून बैठक फार खाली ठेवली जाते आणि मग गुडघे दुखू लागतात. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक उंच हवी. हँडल बैठकीच्या पातळीहून वर असावे आणि कोपर थोडे सैल राहावे. टायरातील हवा आठवड्यातून एकदा पाहावी आणि साखळीला तेल द्यावे. या कामांना पैसा लागत नाही. पान्याचे दोन फेरे आणि पाच मिनिटे एवढीच त्यांची किंमत आहे.

बाजाराचा ओढा मात्र उलट दिशेला आहे. दुकानात आज डोळ्यांत भरते ती डोंगरी सायकल: खोल नक्षीचे टायर, पुढे-मागे स्प्रिंगांचे खांब, गिअरांची चळत. गंमत अशी की खऱ्या डोंगरी सायकलीचे कूळ क्रूझरचेच आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी श्विनच्या जुन्या बलून टायरच्या सायकली टॅमलपाइस डोंगरावरून खाली पिटाळल्या, आणि त्यांतून हा प्रकार निघाला. पण तिची स्वस्त नक्कल सपाट रस्त्यावर खडखडते, तिला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते आणि तिच्या स्प्रिंगा स्वाराचीच शक्ती गिळतात. बापाची काळी सायकल गरिबीची खूण म्हणून मुलाला नको असते. ती खूण टाळण्यासाठी तो पाठीवर पिशवी आणि कपड्यांवर चिखल घेऊन हिंडतो. थोडे पैसे साठले की तीही सायकल अडगळीत जाते.

येथे प्रश्न केवळ सायकलीचा राहत नाही. तिच्या सुखाचा अर्धा भाग तिच्या घडणीत असतो, उरलेला अर्धा रस्त्यात असतो. मागून येणाऱ्या ट्रकच्या भोंग्याने दचकून जो कडेच्या खडीत उतरतो त्याला स्प्रिंगांची बैठक काय सुख देणार? २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार मृत्यू पावले. ज्या माणसाच्या मिळकतीवर घर चालते तो कामावर जाताना किंवा कामावरून येताना मेला, असा या आकड्यातील कित्येक घरांचा अर्थ आहे. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याचा विचार वाहनांसाठी नव्हे तर माणसांसाठी करावा, असे तत्त्व सांगितले होते. ते तत्त्व औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर उतरले तर त्याचे रूप अगदी साधे असेल: कडेला उंचवट्याने वेगळी केलेली एक पट्टी, तिच्यावर थोडी सावली आणि रात्रीच्या पाळीसाठी दिवे.

हे अशक्य नाही, याचा दाखला हॉलंडने दिला आहे. तेथेही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनी सायकलीला हुसकून लावले होते. १९७१ साली तेथील रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत शेकडो मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या दशकांत सायकलींचे वेगळे मार्ग देशभर पसरले. आज तेथे माणसांहून सायकली अधिक आहेत. त्या सायकली कशा आहेत? बहुसंख्य काळ्या, जड, ताठ बसण्याच्या; चेन-कव्हर, मडगार्ड आणि कॅरिअर असलेल्या. बीरगांवच्या कामगाराने त्यांतील एखादी पाहिली तर ती त्याला आपल्याच आळीतली वाटेल. श्रीमंत देशाने शहाणपणाने जपलेली ही सायकल आपल्याकडे गरजेने टिकून आहे, एवढाच फरक.

गरजेने टिकलेली वस्तू गरज सरताच टाकली जाते. मानाने टिकलेली वस्तू पुढच्या पिढीकडे जाते. चांगल्या बैठकीची, मऊ टायरांची, दमदार ब्रेकची सायकल कामगाराच्या हाती देणे आणि तिच्यासाठी रस्त्याची एक पट्टी राखून ठेवणे, हे काही त्याचे लाड नव्हेत. आठ तास भट्टीपुढे उभे राहणाऱ्या माणसाला घरी परततानाची अर्धी घटका ताठ मानेने आणि निर्धास्त मनाने घालविता यावी, एवढीच त्यामागची मागणी आहे.